मृत्युपत्र, बक्षीसपत्र आणि उतारवय



दिवेलागणीच्या वेळी घरात मृत्यूचे नाव काढू नये, असे आपल्याकडील वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. आजच्या माझ्या भाषणाचा विषय मृत्युपत्र हा आहे, आणि वेळ तर नेमकी संध्याकाळची. तेव्हा एखाद्या आजीबाई ह्या क्षणी रेडिओ बंद करावयास उठल्या असतील, तर त्यांस माझी विनंती की त्यांनी थोडे थांबावे. कारण मरणाविषयी मी फारच थोडे बोलणार आहे. साठीनंतरची जी दहा, वीस, कधी तीस वर्षे माणसाच्या वाट्यास येतात, त्या वर्षांत त्याचे घर, त्याचा पैसा आणि त्याचा शब्द त्याच्या हाती कसा राहील, हा माझा खरा विषय आहे.

मिळकतीची व्यवस्था लावावयास बसलेला गृहस्थ बहुधा एकच प्रश्न विचारतो: ‘माझ्यामागे हे कोणास मिळावे?’ प्रश्न रास्त आहे. परंतु त्याच्या आधीचा एक प्रश्न आहे आणि तो सहसा कोणी विचारीत नाही. ‘मी असेतो, आणि माझ्यामागे माझी पत्नी असेतो, आमचे कसे चालावे?’ हा तो प्रश्न. पहिल्याचे उत्तर घाईने देताना दुसऱ्याचे उत्तर आपण बिघडवून ठेवतो, एवढीच गोष्ट मला आज आपणांस सांगावयाची आहे.

डोळ्यांसमोर एक घर आणू. घर कल्पित आहे. ते कोणास आपल्या ओळखीचे वाटले तर दोष माझा नाही. पुण्यातील तीन खोल्यांची सदनिका. अप्पांनी ती नोकरीत असताना कर्ज काढून घेतली. कागदोपत्री नाव एकट्या अप्पांचे. अप्पांचे वय ७४, माईंचे ७०. मोठा मुलगा आणि सून जवळ राहतात, मुलगी नाशिकला दिलेली आहे, धाकटा मुलगा अमेरिकेत आहे. सारे गुण्यागोविंदाने चालले आहे. अप्पांस कोणी मृत्युपत्राविषयी छेडले की ते हसून म्हणतात, ‘माझ्यामागे सारे हिचेच. त्यात लिहून काय ठेवावयाचे?’

अप्पांची ही समजूत प्रेमाची आहे, पण कायदा तसा नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाची स्वकष्टार्जित मिळकत त्याची विधवा, त्याचे मुलगे, त्याच्या मुली आणि हयात असल्यास त्याची आई ह्यांजमध्ये सारख्या वाट्याने जाते. म्हणजे अप्पांच्या घराचे चार वाटे होतील, आणि ज्या घरात माईंनी सारा संसार केला, त्या घराचा केवळ चौथा हिस्सा माईंचा राहील. उरलेल्या तीन हिश्श्यांची मालक मुले. त्यांतील कोणा एकाने उद्या वाटणी मागितली, तर ती मागण्याचा त्यास पूर्ण अधिकार आहे. मुले गुणी आहेत हे मी नाकारीत नाही. परंतु मुलांवर कर्जे होतात, नोकऱ्या जातात, सूनजावयांच्या अडचणी उभ्या राहतात, आणि अशा वेळी आईचे छप्पर ही विकण्याजोगी एकच वस्तू समोर दिसते.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. हा चौथा हिस्सादेखील स्त्रीस सहजासहजी मिळालेला नाही. १९३७ साली डॉक्टर गो. वि. देशमुख ह्यांच्या प्रयत्नाने जो कायदा झाला, त्याने हिंदू विधवेस पतीच्या मिळकतीत वाटा दिला. पण तो हयातीपुरता, विकण्याचा मोकळा अधिकार नसलेला. १९५६ च्या कायद्याने ही मर्यादा काढून तिला पूर्ण मालकी दिली. वडिलार्जित एकत्र मिळकतीत मुलीस मुलाप्रमाणे जन्मसिद्ध हक्क देण्याकडे महाराष्ट्राने १९९४ साली पाऊल टाकले, परंतु त्या वेळी आधीच विवाह झालेल्या मुलींस वगळले. २००५ च्या दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेद नाहीसा झाला, आणि २००५ साली वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला. तेव्हा ‘मुलगी दिल्या घरी गेली, तिचा येथे काय संबंध’ हे वाक्य आता न्यायालयात टिकावयाचे नाही. आणि खरे म्हणजे घरातही टिकू नये.

आता मृत्युपत्राकडे वळू. ह्या कागदाविषयी लोकांच्या मनात उगाच भीती असते. प्रत्यक्षात इतका सोपा दस्तऐवज दुसरा नसेल. सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या कोणाही मनुष्यास आपल्या मालकीच्या मिळकतीचे मृत्युपत्र करता येते. त्यास मुद्रांक लागत नाही. साधा कागद पुरतो. भाषा कोणतीही चालते. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे मुख्य अट एवढीच की करणाऱ्याने त्यावर सही अथवा अंगठा करावा आणि किमान दोन साक्षीदारांनी त्याच्या समक्ष आपल्या सह्या कराव्यात. त्या साक्षीदारांनी त्यास सही करताना पाहिलेले असावे, किंवा ही सही आपली आहे असे त्याने त्यांस सांगितलेले असावे. नोंदणी सक्तीची नाही. तथापि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत ती करून घेणे शहाणपणाचे. ज्यांस मजकूर गुप्त ठेवावयाचा असेल त्यांनी पाकीट मोहोरबंद करून जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याचीही सोय १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे.

परंतु सोप्या गोष्टीतच माणसे चुकतात. साक्षीदार म्हणून आपल्याच वयाचे दोन स्नेही बोलावले जातात, आणि पुढे वेळ येते तेव्हा तेही हयात नसतात. न्यायालयात मृत्युपत्र शाबीत करताना साक्षीदारांपैकी एक तरी हयात असेल तर त्याची साक्ष घ्यावी लागते. म्हणून साक्षीदार वयाने लहान, ठावठिकाण्याचा आणि ज्यास त्या मृत्युपत्राने काही मिळणार नाही असा निवडावा. एखाद्या मुलास कमी द्यावयाचे असेल तर त्याचे कारण दोन सभ्य वाक्यांत लिहावे, कारण मौनातून संशय जन्मतो आणि संशयातून दावा. प्रकृती क्षीण असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडावा. आणि ज्यास सर्वांत अधिक मिळणार आहे त्याने लिखाणाच्या आणि नोंदणीच्या वेळी पुढे पुढे करू नये. न्यायालये अशा लगबगीकडे साशंक दृष्टीने पाहतात.

ह्या कागदाचा सर्वांत मोठा गुण मात्र अजून सांगावयाचा आहे. मृत्युपत्र हे ते करणाऱ्याच्या मृत्यूनंतरच अंमलात येते. तोपर्यंत घर त्याचे, पैसा त्याचा. आणि मन पालटले तर ते फाडून दुसरे करावयास तो मोकळा. शेवटचे मृत्युपत्र तेच खरे. बक्षीसपत्राची गोष्ट ह्याच्या अगदी उलट आहे, आणि येथेच आपल्या अप्पांसारखी सज्जन माणसे फसतात.

अलीकडे घरोघरी एक सल्ला ऐकू येतो: ‘पुढचे हेलपाटे कशास? आताच मुलाच्या नावे करून टाका.’ सल्ला स्वस्तही आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून राहते घर अथवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडे किंवा दिवंगत मुलाची पत्नी ह्यांस बक्षीस देताना मूळ मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये ठेवले आहे. स्थानिक अधिभार व नोंदणीचा खर्च असेल तो निराळा. सरकारने ही सवलत सद्‌हेतूने दिली. परंतु बक्षीसपत्र नोंदले गेले आणि मुलाने ते स्वीकारले की त्या क्षणापासून घर मुलाचे होते. अप्पा आणि माई आपल्याच घरात पाहुणे होतात. पुढे मन बदलले, तरी केवळ मनास आले म्हणून दिलेले परत घेता येत नाही.

कोणी म्हणेल, पोटच्या मुलाविषयी असा संशय का घ्यावा? मी संशय घेत नाही. मुलगा श्रावणबाळ असला तरी तो आपल्या आधी जाऊ शकतो, आणि मग ते घर त्याच्या वारसांचे होते. त्याचा व्यापार बुडू शकतो, आणि मग सावकार दाराशी येतो. मुलाच्या चांगुलपणावर भरवसा ठेवणे निराळे आणि त्याच्या नशिबावर स्वतःचे छप्पर टांगणे निराळे.

ज्यांच्या हातून हे होऊन गेले आहे त्यांच्यासाठी कायद्याने एक दार उघडे ठेवले आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिक ह्यांच्या चरितार्थाविषयीचा कायदा २००७ साली झाला. त्याच्या २३ व्या कलमात असे म्हटले आहे की, हा कायदा अंमलात आल्यानंतर एखाद्या ज्येष्ठ नागरिकाने आपली मिळकत सांभाळ करण्याच्या अटीवर कोणास दिली, आणि घेणाऱ्याने तो सांभाळ नाकारला, तर ते हस्तांतर फसवणुकीने अथवा दडपणाने झाले असे मानून न्यायाधिकरण ते रद्द करू शकते. ह्यातील ‘अटीवर’ हा शब्द कोणी विसरू नये. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की अशी अट होती हे दिसून आले पाहिजे. आईने मुलाला दिले म्हणजे अट गृहीतच आहे, असे नव्हे. पुढे जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने मध्य प्रदेशातील एका आईचे बक्षीसपत्र रद्द केले आणि हा कायदा वृद्धांच्या हिताचा असल्याने त्याचा अर्थ उदारपणे लावावा, असे सांगितले. परंतु त्या प्रकरणीही सांभाळाची हमी देणारे मुलाचे वचनपत्र आईच्या हाती होते. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. ज्यांस बक्षीसपत्र करावयाचेच असेल त्यांनी, आम्हा उभयतांस हयात असेतो ह्या घरात राहण्याचा हक्क आहे व आमचा सांभाळ करणे ही ह्या देणगीची अट आहे, ही वाक्ये त्या कागदातच घालावी. जो मुलगा खरोखर सांभाळणार आहे, त्यास ती वाक्ये जड वाटण्याचे कारण नाही.

ह्याच २००७ च्या कायद्याने ज्यांस स्वतःच्या मिळकतीवर वा उत्पन्नावर चरितार्थ चालविता येत नाही अशा आईवडिलांस मुलांकडून निर्वाहाची रक्कम मागण्याचा अधिकार दिला आहे. न्यायाधिकरण उपविभागीय अधिकाऱ्याचे, म्हणजे ज्यांस आपण प्रांतसाहेब म्हणतो त्यांचे. कायद्यात ह्या रकमेची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये अशी घातली आहे. आजच्या औषधपाण्याच्या खर्चापुढे ती तोकडी आहे हे उघड आहे. अपत्य नसलेल्या वृद्धास, ज्यास त्याची मिळकत पुढे मिळावयाची आहे अशा सज्ञान नातेवाइकाकडेही मागणी करता येते. आणि विवाहित मुलीसही आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी टळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ सालीच, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या आधारे ठरविले आहे. हक्क सारखा तसे कर्तव्यही सारखे.

आता एका गैरसमजाकडे येतो. बँकेच्या ठेवीवर, गृहनिर्माण संस्थेच्या भागदाखल्यावर नॉमिनीचे नाव घातले की मृत्युपत्राचे काम झाले, असे पुष्कळ सुशिक्षित माणसेही मानतात. सामान्यतः नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा विश्वस्त असतो. मालक ठरतो तो मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने. भागांच्या, म्हणजे शेअरांच्या, बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितले. विम्याचा मात्र थोडा अपवाद आहे: २०१५ च्या दुरुस्तीने आईवडील, पती, पत्नी किंवा मुले ह्यांस नेमले असेल तर ती रक्कम त्यांच्याच लाभाची मानली जाते. बँकेच्या ठेवीवर १ नोव्हेंबर २०२५ पासून चार व्यक्तींपर्यंत नावे देता येतात. ही नावे अवश्य द्यावी, कारण त्याने पैसा लवकर हाती येतो. पण तो कोणाचा, हे मृत्युपत्रात लिहावे, आणि दोन्ही कागद एकमेकांशी जुळते ठेवावे. ठेवीवर थोरल्याचे नाव आणि मृत्युपत्रात धाकट्याचे, अशा घरात सुतकाचे दिवस संपण्याआधी वाद सुरू होतो.

आणखी एक प्रसंग असा की ज्याची तयारी जवळजवळ कोणीच करीत नाही. माणूस हयात आहे, पण त्याचे भान हरपले आहे. अशा वेळी घरची मंडळी निश्चिंत असतात, कारण अप्पांनी मुलाच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवलेले असते. परंतु आपल्या करारविषयक कायद्याप्रमाणे, देणारा वारला किंवा त्याची बुद्धी कायमची विकल झाली की साध्या मुखत्यारपत्राचे बळ संपते. म्हणजे जेव्हा त्याची खरी गरज, नेमके तेव्हाच ते लटके पडते, आणि पालक नेमून घेण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते. म्हणून पती-पत्नींनी निदान बँकेतील खाते दोहोंच्या नावे, आणि दोहोंपैकी कोणासही चालविता येईल असे ठेवावे.

औषधोपचाराचेही तसेच. सुधारणेची आशा उरली नसताना केवळ यंत्रांच्या आधारे आपला श्वास लांबविला जावा की नाही, हे शुद्धीवर असताना लिहून ठेवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये मान्य केला. जानेवारी २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी अथवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. हे लिहावे की लिहू नये हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. मात्र आपण लिहिले नाही, तर अतिदक्षता विभागाच्या दाराशी तो निर्णय आपल्या मुलांस घ्यावा लागतो, आणि त्याची बोच त्यांस जन्मभर राहते, एवढे ध्यानी असावे.

भगिनीवर्गास मला एक वेगळी सूचना करावयाची आहे. पुष्कळ स्त्रिया आज मिळवत्या आहेत. तथापि मृत्युपत्र करावे ते पुरुषाने, असा समज अजून आहे. मृत्युपत्राविना वारलेल्या हिंदू स्त्रीस पती किंवा मुले नसतील, तर तिची स्वतः मिळविलेली मिळकत तिच्या आईवडिलांच्या आधी तिच्या पतीच्या वारसांकडे जाते. ज्या आईने तिला शिकविले ती मागे राहते आणि दूरचा दीर पुढे येतो. हे ज्या भगिनीस नको असेल तिच्याजवळ उपाय एकच: एक कागद आणि दोन साक्षीदार.

मी जे सांगितले ते मुख्यतः हिंदू कुटुंबांस लागू आहे. मुसलमान बांधवांस त्यांच्या धर्मशास्त्राप्रमाणे, वारसांच्या संमतीवाचून, एकतृतीयांशाहून अधिक मिळकत मृत्युपत्राने देता येत नाही. गोमंतकात पोर्तुगीज काळापासून चालत आलेली रीत आजही तेथील कायद्यात आहे: मुलांचा निम्मा हिस्सा राखीव असतो, आणि बाप रागावला म्हणून तो सहज काढून घेता येत नाही. ज्यांची घरे दोन्हीकडे आहेत त्यांनी तेथील जाणकारास विचारल्यावाचून काही लिहू नये.

आता आपल्या अप्पांकडे परत जाऊ. त्यांनी काय करावे? माझ्या मते त्यांनी आणि माईंनी, दोघांनीही, आपापले मृत्युपत्र करावे. अप्पांनी आपल्यामागे घर माईंस द्यावे, आणि माई आधी गेल्यास ते तिन्ही मुलांत कसे जावे हेही त्यातच लिहावे. माईंस घर पुरते न देता हयातीपुरता राहण्याचा हक्क द्यावयाचा असेल तर तेही करता येते. मात्र तेथे शब्दाशब्दाने अर्थ बदलतो, म्हणून त्या ठिकाणी जाणत्या वकिलाची मदत घ्यावी. नाशिकच्या लेकीस डावलू नये. जो मुलगा जवळ राहून सांभाळतो त्यास थोडे अधिक द्यावेसे वाटले तर अवश्य द्यावे; पण ते इतर दोघांस आपल्या तोंडाने सांगावे. मुलांनी ते मेल्यावर कागदातून वाचण्यापेक्षा बापाच्या मुखातून ऐकलेले बरे.

आणि मुलांनो, तुमच्यापैकी कोणी ऐकत असेल तर तुम्हांसही एक सांगावयाचे आहे. ‘बाबा, आमच्या नावे करा’ असे म्हणण्याऐवजी ‘बाबा, तुमच्यामागे आईचे काय, ते लिहून ठेवा’ असे एकदा म्हणून पाहा. त्या एका वाक्याने म्हाताऱ्याच्या मनावरचे केवढे ओझे उतरते, हे तुमच्या ध्यानी येईल.

माणसाने आयुष्यभर दिले ते मुलांच्या शिक्षणास, लग्नास, आजारास. शेवटचे देणे मात्र त्याने शेवटीच द्यावे. तोवर दाराची किल्ली आपल्याच कनवटीस असू द्यावी. घरी येणाऱ्या लेकरांसाठी ते दार उघडण्याचा आनंदही मग आपलाच राहतो.

आजीबाईंची क्षमा मागून रजा घेतो.